गोठलेल्या तळ्यात मासे जगतात, मग आपल्या शेततळ्यात थंडीनं का मरतात?

शेततळं_गेवराई

सगळ्यांना रामराम. शेततळं ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, काठाचा उतार १:१, आत ५०० मायक्रॉनचा कागद. सध्या पाणी २ मीटर आहे. रोहू, कटला, मृगळ मिळून ८०० मासे, सरासरी ४०० ग्रॅमचे. त्यातच २०० पंगस, ७०० ग्रॅमच्या आसपास. चार दिवसांपासून रात्रीचा पारा ७-८ अंशांवर आलाय. सकाळी सातला वरच्या पाण्यात थर्मामीटर धरला तर १६ अंश.

पंगस रोज पाच-सहा तरंगायलेत. रोहू-कटला मरत नाहीत, पण खाद्य खाईनात. दोन रोहूंच्या अंगावर लाल चट्टे दिसले. खाद्य रोज ७ किलो, सकाळी ९ वाजता.

गावातली जाणती माणसं म्हणायलेत की पाणी खोल ठेवा, मासे तळाच्या उबेला जातात. काश्मीर-लडाखात वर फूट-दोन फूट बर्फ असतो आणि खाली मासे जिवंत राहतात, असंही ऐकलंय. तिथं ती ऊब येते कुठून? आणि तिथं आहे तर आपल्या तळ्यात का नाही? तळ्यावर प्लास्टिकचा कागद पांघरला तर काही उपयोग होईल का?

पदार्थविज्ञान_नांदेड

दादा, दोन्हीकडं पाणी सारखंच, नियमही एकच. पण तो नियम तिथं माशांच्या बाजूनं चालतो आणि आपल्याकडं उलटा फिरतो. तेवढं लक्षात आलं तर बाकीचं आपोआप उलगडतं.

बहुतेक पदार्थ थंड होताना आक्रसतात आणि जड होतात. पाणीही तसंच वागतं, पण फक्त ४ अंशांपर्यंत. ४ अंशाला पाणी सगळ्यात जड असतं. त्याखाली गेलं की ते पुन्हा फुगायला लागतं, हलकं होतं. गोठताना तर ते सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणूनच बर्फ तरंगतो.

आता डोंगरातलं खोल तळं डोळ्यांसमोर आणा. शरद ऋतूत वरचं पाणी थंड होतं, जड होऊन तळाला जातं, खालचं वर येतं. ही उलथापालथ सगळं तळं ४ अंशाला येईपर्यंत चालते. त्यानंतर वरचं पाणी ३, २, १ अंशावर जातं, पण आता ते हलकं असल्यामुळं वरच राहतं. शेवटी तेच गोठतं. बर्फाच्या लगत पाणी ० अंश आणि तळाला जवळपास ४ अंश, असे थर महिनोन्‌महिने टिकतात, कारण बर्फामुळं वारा पाण्याला ढवळू शकत नाही.

पुढचं रक्षण बर्फच करतो. १ ग्रॅम पाणी ० अंशाला गोठवायचं तर त्यातून ८० कॅलरी उष्णता काढावी लागते. तेच १ ग्रॅम पाणी ४ वरून ० वर आणायला फक्त ४ कॅलरी. शिवाय बर्फ जितका जाड होतो तितकी खालची उष्णता बाहेर पडायला जास्त वेळ लागतो. उघड्या बर्फाचा ढोबळ हिशोब असा: शून्याखाली जितके अंश, त्याला दिवसांनी गुणायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि ३.५ नं गुणायचं. उत्तर सेंटिमीटरमध्ये. सरासरी उणे १० अंश असे ३० दिवस गेले तर ३००, वर्गमूळ १७.३, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर. चौपट दिवस गेले तरी जाडी दुप्पटच होते. वर हिम साचलं असेल तर याहून कमी, कारण हिमात हवा कोंडलेली असते आणि ते गोधडीसारखं काम करतं. म्हणून चार-पाच मीटर खोल तळं सहसा तळापर्यंत गोठत नाही.

आता तुमचं तळं. तुमचं पाणी १६ अंशाला आहे, म्हणजे ४ च्या बरंच वर. इथं थंड झालेलं पाणी नेहमी जडच असतं. रात्री वरचा थर थंड झाला की तो खाली बसतो आणि खालचं कोमट पाणी वर येऊन तेही थंड होतं. पहाटेपर्यंत अख्खं तळं वरपासून खालपर्यंत सारखं गार. तळाला ऊब हवी असेल तर पाणी ४ अंशाखाली जायला हवं, आणि मराठवाड्यात ते होत नाही. त्यामुळं “मासे तळाच्या उबेला जातात” हे आपल्याकडं पहाटे तरी खरं नाही.

पाणी खोल ठेवण्याचा सल्ला मात्र बरोबर आहे, कारण वेगळं. रात्री उष्णता पृष्ठभागावरून जाते. तितक्याच उष्णतेच्या तोट्यानं २ मीटरचं पाणी दीड अंशानं उतरलं तर ३ मीटरचं एकाच अंशानं उतरेल. खोलीमुळं तळ उबदार होत नाही, अख्खं पाणी सावकाश थंड होतं.

नाथसागर_काठ

सरांनी उबेचं सांगितलं, त्यात प्राणवायूची बाजू जोडतो. गोठलेल्या तळ्यात मासे मेलेच तर ते बहुतेक वेळा गुदमरून मरतात. थंडीनं क्वचितच.

थंड पाणी प्राणवायू जास्त धरतं. समुद्रसपाटीला ० अंशाच्या पाण्यात लिटरला १४.६ मिलिग्रॅम, २० अंशाला ९.१, ३० अंशाला ७.६. उंचीवर हवेचा दाब कमी असल्यानं हा आकडा घटतो. साडेचार हजार मीटरवर, म्हणजे लडाखच्या त्सो मोरीरीसारख्या तळ्याच्या उंचीवर, दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्याही थोडा खाली असतो. मग बर्फाजवळच्या पाण्यातही ८ ते साडेआठच मिळतो. मासे असोत वा नसोत, पाण्याची ही मर्यादा आहे.

बर्फ लागला की हवेतून प्राणवायू मिळणं बंद. तळ्यानं तिजोरीत जेवढा भरला तेवढ्यावर हिवाळा काढायचा. शरदातल्या उलथापालथीत तो तळापर्यंत भरला जातो, म्हणून ती इतकी महत्त्वाची. खर्च करणारे मुख्यतः मासे नसतात, तळाचा कुजणारा गाळ असतो. समजा गाळ दिवसाला दर चौरस मीटरला ०.२ ग्रॅम प्राणवायू खातो, पाण्यात लिटरला १२ मिलिग्रॅम आहे आणि माशांना निदान ३ उरायला हवा. म्हणजे खर्चायला लिटरमागं ९. तळं ५ मीटर खोल असेल तर चौरस मीटरखाली ४५ ग्रॅम, २२५ दिवस पुरेल. तळं दीड मीटरचं असेल तर साडेतेरा ग्रॅम, ६७ दिवसांत खल्लास. तेच दीड मीटरचं तळं उंचावर असेल आणि सुरुवात ७ नं झाली तर ३० दिवस. गाळ-शेवाळ जास्त असेल तर त्याहून लवकर. काश्मीरच्या गंगाबल, विशनसरसारख्या खोल, स्वच्छ तळ्यांत ट्राउट टिकतात आणि उथळ, गवतानं भरलेल्या डबक्यात मासे बर्फाखाली मरतात, त्याचं हे गणित.

उजेडही बघा. पारदर्शक, वरून काळसर दिसणाऱ्या बर्फातून बराच उजेड आत जातो, खालचं शेवाळ थोडा प्राणवायू बनवत राहतं. त्यावर वीतभर हिम बसलं की अंधार. मग शेवाळही प्राणवायू द्यायचं सोडून घेऊ लागतं. म्हणून थंड मुलुखात तळी सांभाळणारे बर्फावरचं हिम पट्ट्यापट्ट्यानं झाडून काढतात. एखादं भोक पाडण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त, कारण हातभर भोकातून अख्ख्या तळ्याला पुरेल इतकी हवा जात नाही. हवेचं यंत्र लावायचं तर ते काठाजवळ, कमी खोलीवर. तळाला लावलं तर ४ अंशाचं पाणी वर येऊन थंड होतं आणि मासे ज्या थरात बसलेत तोच मोडतो.

आता तुमच्या कागदाचं. अजिबात पांघरू नका. बर्फ आणि हिम मिळून जे करतात तेच तुमचा कागद करेल: हवा बंद. वरून तो काळा असेल तर उजेडही बंद. पहाटे पाण्यातला प्राणवायू आधीच सगळ्यात कमी असतो. आपल्याकडं हे काम जलपर्णी करते. गावतळं तिनं पूर्ण झाकलं की खाली मासे टिकत नाहीत, तिथं बर्फाची गरजच पडत नाही.

सिंदफणा_काठ

पण सर, बर्फाला लागून असलेलं पाणी ० अंशाचं. माशाचं रक्त गोठत कसं नाही? त्याच्या अंगात बर्फ न होऊ देणारं काहीतरी असतं असं वाचलंय.

मत्स्यआरोग्य_लातूर

ताई, ते समुद्रातल्या काही माशांचं. अंटार्क्टिकाजवळचं खारं पाणी उणे १.९ अंशापर्यंत द्रवरूप राहतं, आणि माशाचं रक्त साधारण उणे ०.५ ते ०.७ ला गोठतं. म्हणून तिथल्या माशांच्या रक्तात बर्फाचे कण वाढू न देणारी प्रथिनं असतात. गोड्या पाण्यात याची गरजच नाही. पाणी ० ला गोठतं, त्याखाली द्रव राहतच नाही, आणि रक्ताचा गोठणबिंदू त्याच्याही खाली आहे. जोवर भोवती पाणी आहे तोवर गोड्या पाण्यातला मासा गोठत नाही.

खरा प्रश्न असा की इतक्या थंडीत शरीर चालतं कसं. मासा भोवतालच्या पाण्याइतकाच थंड होतो. तापमान १० अंशांनी उतरलं की त्याची शरीराची गती निम्म्यावर ते तिसऱ्या हिश्शावर येते. २४ वरून ४ वर आला तर चौथा हिस्सा ते नववा हिस्सा. हृदय सावकाश, कल्ले सावकाश, भूक जवळपास नाही. प्राणवायूची गरजही त्याच प्रमाणात घटते, म्हणून तिजोरी पुरते. पेशींच्या पडद्यांतली चरबीही बदलते. थंडी वाढेल तशी पातळ राहणारी, असंतृप्त चरबी वाढते. थंडीत तूप थिजतं आणि करडईचं तेल पातळ राहतं, तसाच फरक. पण हा बदल व्हायला दिवस-आठवडे लागतात. शरदात तापमान हळूहळू उतरतं तेव्हा माशाला सवड मिळते. चार रात्रींत पाणी सात-आठ अंशांनी कोसळलं तर मिळत नाही.

प्रत्येक जात वेगळी वागते. ट्राउट बर्फाखालीही थोडं खातो, किड्यांच्या अळ्या वगैरे. सायप्रिनस (कॉमन कार्प) खोल खड्ड्यात थव्यानं बसून राहतो आणि खाणं जवळपास बंद करतो. हिमालयातला असेला हिवाळ्यात नदीनं खालच्या, कमी थंड पाण्याकडं उतरतो. युरोपातल्या क्रुशियन कार्पचं तर नवल वाटावं असं आहे: प्राणवायू पूर्ण संपला तरी तो यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनवर जगतो, आणि त्यातून होणारं लॅक्टिक आम्ल अंगात साचू न देता त्याचं अल्कोहोल करून कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोल्डफिशही हेच करतो.

आपल्या मातीतला काटक मासा म्हणजे मरळ. आटत्या डबक्यात, चिखलात तग धरतो, कारण तोंड वर काढून हवा घेतो. पण तोच मरळ बर्फाखाली गेला तर थंडीनं नाही तरी गुदमरून मरेल, कारण त्याला पृष्ठभाग लागतोच. काटकपणा असा जागेपुरता असतो.

आता गेवराईच्या दादांचा प्रश्न. पंगस हा मेकाँगच्या उष्ण पाण्यातला मासा. २० अंशाखाली तो खाणं टाकतो, १५-१६ ला मरू लागतो. तुमचं पाणी नेमकं तिथं आहे. उरलेले पंगस ऊन असताना, दुपारी दोननंतर काढून विकून टाका. पुढच्या वर्षापासून नोव्हेंबर संपायच्या आत पंगस तळ्याबाहेर. रोहू-कटला १४ अंशांपर्यंत तग धरतात, वाढत मात्र नाहीत. ते मरत नाहीत, उपाशी आहेत, आणि ते बरोबरच करतायत.

चूक खाद्यात होतेय. मासे खात नाहीत आणि ७ किलो रोज पडतंय. त्यातलं ५ किलो वाया जातंय असं धरा, प्रथिनं ३० टक्के. त्यातून सुमारे २४० ग्रॅम नायट्रोजन. तुमच्या तळ्यात २ मीटरला साडेतेरा लाख लिटर पाणी आहे, म्हणजे कुजून त्याचा अमोनिया झाला की रोज लिटरला ०.१८ मिलिग्रॅम, दहा दिवसांत १.८. सामू (पीएच) ८.५ असेल तर या थंडीत त्यातला सुमारे ८ टक्के अमोनिया विषारी रूपात असतो, सामू ९ असेल तर २२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अनुक्रमे ०.१४ आणि ०.४. माशाला ०.०५ च्या वर त्रास सुरू होतो. थंडीत कुजणं सावकाश चालतं म्हणून आज झळ कमी दिसेल. फेब्रुवारीत पाणी तापलं की साठलेलं सगळं एकदम कुजतं, आणि “थंडीत वाचले, उन्हात मेले” असं होतं.

खाद्य आजच थांबवा. दुपारी वरचं पाणी २० च्या वर जात असेल तर दीड किलो, दोन वाजता, तरंगणारं. अर्ध्या तासात संपलं नाही तर दुसऱ्या दिवशी नाही. १८ च्या खाली शून्य. रोहू-कटलासारखा कार्प मासा आठवडाभर उपाशी राहिला तर वजन थोडं घटतं, जीव जात नाही.

शेततळं_गेवराई

पंगस उद्याच काढतो. आणखी दोन शंका. बोअरचं पाणी पहाटे वाफाळतं निघतं. ते तळ्यात सोडलं तर तळं गरम होईल का? आणि लाल चट्ट्यांना चुना टाकू का?

पदार्थविज्ञान_नांदेड

बोअरचं पाणी २६ अंश धरा. साडेतेरा लाख लिटर १६ वरून १७ वर न्यायचं तर दीड लाख लिटर ओतावं लागेल. ५ एचपीचा पंप तासाला २० हजार लिटर देत असेल तर साडेसात तास. तेवढी ऊब पुढच्या रात्री निघून जाईल. वीज आणि भूजल दोन्ही खर्चून हाती काही नाही.

त्याचा छोटा उपयोग आहे. कोमट पाणी हलकं असल्यानं वर तरंगतं. पहाटे चार ते सात एका कोपऱ्यात ते सावकाश सोडलं तर त्या कोपऱ्यात वरचा थर काही तास दोन-तीन अंशांनी उबदार राहतो आणि मासे तिथं गोळा होतात. बोअरच्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो, म्हणून पाइपाचं तोंड पाण्यात बुडवू नका, फळीवर किंवा जाळीवर पडू द्या. फार उंचावरून मात्र नको, नाहीतर ते तिथंच ढवळून थंड पाण्यात मिसळेल.

एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) असेल तर थंडीत रात्री विनाकारण चालवू नका, थंड हवेला जास्त पाणी उघडं पडतं. दुपारी एक ते चार चालवा. वरचं तापलेलं पाणी खाली जातं आणि ऊब साठते. ढगाळ दिवस, पाणी गर्द हिरवं, आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर मात्र थंडीचा विचार न करता रात्रीही चालवा. प्राणवायू आधी.

मत्स्यआरोग्य_लातूर

चुना सामू बघितल्याशिवाय टाकू नका. आपल्या भागातलं बोअरचं पाणी बहुधा अल्कधर्मी असतं आणि कागदाच्या तळ्यात माती नसल्यानं सामू आणखी वर चढतो. त्यात चुना टाकला तर वर सांगितलेला अमोनिया ८ टक्क्यांवरून २२ वर जातो, म्हणजे औषधच विष होतं. सामू ७.५ च्या खाली असेल तरच हेक्टरी २०० किलोच्या हिशोबानं. तुमच्या पृष्ठभागाला तो १६ किलो होतो.

चट्टे आधी नीट बघा. चट्ट्याजवळ चपटी, गोल, ५ ते ८ मिलिमीटरची, हलणारी ऊ दिसली तर ती आरगुलस. तिची अंडी कडक पृष्ठभागावर चिकटतात, म्हणून पाण्यात बांबू-फळ्या सोडून आठवड्यानं काढायच्या आणि कडक उन्हात वाळवायच्या. ऊ नसेल आणि चट्टा खोल जाऊन जखम होत असेल तर तो थंडीत येणारा व्रणरोग, बुरशीसारख्या जीवामुळं होतो. त्याला सिफॅक्स हे औषध, एक हेक्टर क्षेत्र आणि एक मीटर पाण्याला १ लिटर. तुमच्या पाण्याला १३५ मिलिलिटर पुरे, बादलीभर पाण्यात मिसळून सगळीकडं सारखं शिंपडा. हातात आलेल्या माशाला १० लिटर पाण्यात २५० ग्रॅम मिठाच्या द्रावणात एक-दोन मिनिटं ठेवा, आडवा पडू लागला की लगेच बाहेर.

आणि पंगस काढताना अख्ख्या तळ्यातून जाळं ओढू नका. थंडीत खवला निघाला की जखम भरत नाही आणि तिथं कापसासारखी बुरशी धरते. दुपारी काढताना एका कोपऱ्यात बोअरचं कोमट पाणी सोडलं की पंगस तिथं गोळा होतील, तिथंच छोट्या जाळ्यानं उचला. मेलेले मासे चुना टाकून पुरा, काठावर फेकू नका.

नाथसागर_काठ

दादा, तळाचं तापमान मोजा, वरचं एकटं पुरत नाही. काचेच्या बाटलीला खाली दगड बांधा, तोंडाला बूच, बुचाला वेगळी दोरी. बाटली तळाला सोडा, बुचाची दोरी झटक्यानं ओढा, बुडबुडे थांबले की पाच मिनिटं थांबून वर ओढा आणि लगेच थर्मामीटर आत घाला. सकाळी सात आणि दुपारी तीन, दोन्ही वेळा.

शेततळं_गेवराई

आज मोजलं. सकाळी वर १६, तळाला १६. दुपारी तीनला वर २०.५, तळाला १७. सामू ८.६. ऊ नाही. पंगस १४० निघाले, खाद्य बंद केलंय, चुना टाकला नाही.

मत्स्यआरोग्य_लातूर

२०.५ आलंय, तरी दोन दिवस थांबा. तळाला पडलेलं खाद्य आधी निघू द्या. कोपऱ्यात गाळ-खाद्याचा थर असेल तर तळाचं पाणी सायफननं काढून पिकाला सोडा, पाणी २ मीटरच्या खाली जाऊ देऊ नका. परवा दुपारी तीनला पुन्हा २० च्या वर असेल तर दीड किलोनं सुरू करा.